शेपटीवरचा आकडा

रायपूरच्या सदर बाजारात सोनं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली दागिना उलटा करून बघतं. आतल्या बाजूला अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा बारीक शिक्का असतो. २०२१ साली हा क्रमांक आला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. शुद्धता किती आणि तपासणी कुठे झाली, हे त्या सहा खुणांवरून कळतं. मात्र दागिना मुशीत गेला की क्रमांकही वितळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचं याच्या उलट आहे. ते डोंगरावर आपटून त्याचे हजार तुकडे झाले, तरी त्या तुकड्यांवर कुठे ना कुठे आकडे उरतात. ऐंशी वर्षांनंतर एखाद्या तुकड्यावरून विमान ओळखलं जातं, ते या आकड्यांच्या जोरावर.

हा विषय रायपूरकरांना वाटतो तेवढा दूरचा नाही. १९४५ साली सदर बाजारावरून उडणाऱ्या विमानांत चार इंजिनांची हॅलिफॅक्स विमानं होती. तेव्हा रायपूर हा मध्य प्रांत-वऱ्हाडातला जिल्हा होता आणि कारभार नागपुरातून चाले. युरोपातलं युद्ध मे महिन्यात संपलं, जपानविरुद्धचं चालूच होतं. हवाई छत्रीधारी सैन्याची ४४वी भारतीय डिव्हिजन बिलासपूर भागात उभी राहत होती आणि तिला ग्लायडर ओढणारी मोठी विमानं हवी होती. म्हणून जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचं २९८ स्क्वाड्रन हॅलिफॅक्स घेऊन रायपूरला आलं. याच स्क्वाड्रनने नॉर्मंडीच्या स्वारीत रणगाडे वाहणारे हॅमिलकार ग्लायडर ओढले होते. जपान ऑगस्टमध्ये शरण आला आणि छत्रीधाऱ्यांची मोहीम कागदावरच राहिली. तरीही पावसाळा सरता सरता आणखी स्क्वाड्रन आली: १० क्रमांकाचं बिलासपूरला, ७६ तिल्द्याला आणि ७७ कारगी रोडला. तिघांनीही युरोपात हॅलिफॅक्समधून जर्मनीवर बॉम्ब टाकले होते. आता त्यांच्याकडे डकोटा ही वाहतुकीची विमानं होती.

या मंडळींच्या रोजच्या नोंदी आज लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रत्येक स्क्वाड्रनला दोन फॉर्म भरावे लागत. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा येई: हवा कशी होती, कोण आलं, कोण गेलं, फुटबॉलचा सामना कोणी जिंकला. फॉर्म ५४१ मध्ये एकेका उड्डाणाची ओळ असे. विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, आत बसलेल्यांची नावं, काम, उडाल्याची वेळ आणि उतरल्याची वेळ. हरवलेल्या विमानाच्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा असतो. शोध घेणारे पहिल्यांदा हेच रिकामे रकाने चाळतात.

मेटल डिटेक्टर घेऊन रानात शिरणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही, ते यामुळेच. रानात सापडेल तो पत्रा. तो कुणाचा, हे कागदच सांगणार. आणि कागद आधी वाचला असेल, तर कुठल्या डोंगराची कुठली बाजू बघायची, हेही बऱ्याच वेळा आधीच ठरतं.

कागद वाचायचा तर आकड्यांची रीत माहीत हवी. अमेरिकन लष्करी विमानाचा क्रमांक वर्षापासून सुरू होतो, उदाहरणार्थ ४२-७३३०८. यातलं ४२ म्हणजे मागणी नोंदवलेलं आर्थिक वर्ष. विमान तयार झालं त्या वर्षाशी त्याचा संबंध नाही, आणि नवखे नेमके इथे चुकतात. शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला आकडा आणि मधली रेघ गाळत, म्हणून हे विमान जमिनीवरून २७३३०८ असं दिसे. ब्रिटिशांची रीत निराळी होती. दोन अक्षरं आणि तीन अंक, जसं केएन ७५१. क्रमांक देताना ते मुद्दाम मधले गट वगळत. शत्रूने पाडलेल्या विमानांचे आकडे गोळा केले, तरी एकूण विमानं किती याचा हिशेब त्याला लागू नये, हा हेतू. आज शोध घेणाऱ्याला या युक्तीचा उपयोग होतो: वगळलेल्या गटातला क्रमांक कुणी सांगितला, तर वाचण्यात किंवा आठवण्यात चूक झाली हे लगेच कळतं.

विमानाच्या अंगावर याखेरीज मोठी अक्षरं असत. स्क्वाड्रनची खूण आणि त्या विमानाचं स्वतःचं एक अक्षर. वैमानिक पत्रांत आणि डायऱ्यांत हेच अक्षर लिहीत, कारण रोजच्या बोलण्यात ते येई. परंतु ‘के’ अक्षराचं विमान पडलं की पुढच्या आठवड्यात नवं विमान त्याच अक्षराने उडे. नाकावर रंगवलेल्या नावांचीही तीच गत. वाचकांना ती नावं फार आवडतात. पुरावा म्हणून त्यांची किंमत थोडी, कारण एकच नाव निरनिराळ्या तुकड्यांतल्या विमानांवर सापडतं.

अमेरिकन नोंदींत १९४३ पासून एक फार कामाचा कागद येतो: बेपत्ता विमानाचा अहवाल. विमान परतलं नाही, तर ४८ तासांत तो भरायचा असा नियम होता. त्यात विमानाचा क्रमांक, निघाल्याचं ठिकाण, जायचं ठिकाण, हवामान, शेवटचं कुणी कुठे पाहिलं आणि आत बसलेल्यांची नावं असत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही इंजिनांचे आणि बसवलेल्या मशीनगनचे क्रमांक असत. लिबरेटर जातीच्या बॉम्बफेकी विमानात साधारण दहा मशीनगन असत. म्हणजे एका विमानाची ओळख पटवायला पंधराच्या आसपास आकडे झाले. शेपूट जळून गेली आणि एखादी गंजलेली बंदूकच उरली, तरी तिच्यावरचा आकडा अहवालातल्या आकड्याशी जुळवता येतो.

वर दिलेला ४२-७३३०८ हा क्रमांक खऱ्या विमानाचा आहे. ‘हॉट ॲज हेल’ नावाचं हे लिबरेटर अमेरिकेच्या ३०८व्या बॉम्बर ग्रुपचं. चीनमधल्या बॉम्बफेकी विमानांना पेट्रोल आणि बॉम्ब आणायला स्वतःच हिमालय ओलांडून आसामात यावं लागे. २५ जानेवारी १९४४ ला हे विमान आठ जणांना घेऊन चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या छाबुआकडे निघालं आणि पोचलं नाही. त्या दिवशी डोंगरांवर हवा इतकी वाईट होती की या एकाच मार्गावर अनेक विमानं गेली. २००६ च्या डिसेंबरात ॲरिझोनातले गिर्यारोहक क्लेटन कुल्स अरुणाचल प्रदेशातल्या दमरोह गावच्या लोकांबरोबर डोंगर चढून अवशेषांपर्यंत पोचले. जागा गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. क्रमांक जुळवण्याचं काम तेवढं राहिलं होतं, आणि ते झाल्यावर आठ कुटुंबांना कळलं की आपला माणूस कुठल्या डोंगरावर पडला आहे.

त्यानंतरचा वेग मात्र सरकारी होता. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन पथकाला तिथे नीट उत्खनन करायला २०१५ साल उजाडलं. अवशेष २०१६ मध्ये मायदेशी गेले. पुढच्या वर्षी त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी दफन झालं. इथे आकड्यांची हद्द दिसते. क्रमांकाने विमान ओळखलं, विमानावरून आठ नावं मिळाली, पण हाड कुठल्या नावाचं, हे सांगायला प्रयोगशाळाच लागली. भारताच्या हद्दीत अजून सुमारे ४०० अमेरिकन विमानकर्मी बेपत्ता मानले जातात. २०२३ साली अरुणाचलातल्या पासीघाटला हिमालयावरच्या या हवाई मार्गाचं संग्रहालय उघडलं. तिकडे जाणाऱ्याने ते चुकवू नये.

कागद नेहमी खरं बोलतो असंही नाही. लिबियाच्या वाळवंटातली गोष्ट या बाबतीत सगळ्यांनी वाचावी अशी आहे. ‘लेडी बी गुड’ हे लिबरेटर, क्रमांक ४१-२४३०१, एप्रिल १९४३ मध्ये नेपल्सवर हल्ला करायला गेलं आणि रात्री परतलं नाही. तळ समुद्राजवळ होता, तेव्हा विमान भूमध्य समुद्रात पडलं असं मानून शोध थांबला. पंधरा वर्षांनी, १९५८ साली, तेल शोधणाऱ्यांना ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, वाळूवर जवळजवळ धड अवस्थेत दिसलं. क्रमांक वाचला आणि फाइल उघडली, तेव्हा उलगडा झाला. अंधारात ते तळावरून पुढे निघून गेलं होतं. तळाच्या दिशादर्शक यंत्राने सांगितलेली दिशा समोरून आणि पाठीमागून सारखीच येते, आणि आपण अजून समुद्रावरच आहोत असं समजून नऊ जण वाळवंटात खोल गेले. इंधन संपताच त्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या आणि विमान एकटंच घसरत उतरलं. नोंदवहीतलं शेवटचं ठिकाण हा लिहिणाऱ्याचा अंदाज असतो, हे या प्रकरणातून शिकायचं. क्रमांकावर भरवसा ठेवावा, ठिकाणावर जपून.

आता समजा, तिल्द्याजवळच्या किंवा अचानकमारच्या रानात कुणाला जुनं विमानाचं इंजिन दिसलं आणि पाटी निघून गेलेली आहे. तरीही बरंच सांगता येतं. पहिल्यांदा सिलिंडर मोजायचे. अठरा निघाले, तर बंगालमधून उडणारं बी-२९ किंवा वाहतुकीचं सी-४६, असे रस्ते फुटतात. चौदा निघाले, तर या भागाच्या दृष्टीने तीन उमेदवार उरतात: हॅलिफॅक्स, लिबरेटर आणि डकोटा. हॅलिफॅक्सच्या ब्रिस्टल हर्क्युलिस इंजिनात झडपांऐवजी सिलिंडरच्या आत सरकणारी नळी असते. त्यामुळे इतर गोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याकडे जाणाऱ्या ज्या दोन दांड्या दिसतात, त्या इथे नसतात. दांड्या असतील तर हॅलिफॅक्स बाद. राहिली दोन, आणि खरी गंमत पुढे आहे. चार इंजिनांचं बॉम्बफेकी लिबरेटर आणि दोन इंजिनांचं मालवाहू डकोटा, दोघांत एकाच घराण्याचं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसे. नुसतं इंजिन बघून बॉम्बर सापडला अशी बातमी छापली, तर ती साध्या डकोटाची निघू शकते. फरक टर्बोत आहे. उंचावरच्या विरळ हवेत ताकद टिकावी म्हणून लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनामागे धुराड्यातल्या गरम वायूवर फिरणारा टर्बो असे, आणि त्याच्या सरंजामामुळे इंजिनाचं आवरण आडवं लंबगोल झालेलं असे. डकोटाचं आवरण गोल, टर्बो नाही.

सुट्या भागांवरचे आकडे वाचतानाही सावध राहावं लागतं. पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला आकडा बहुतेक वेळा त्या भागाच्या आराखड्याचा असतो. तोच आकडा त्या जातीच्या हजारो विमानांवर असणार. लिबरेटर बनवणाऱ्या कन्सॉलिडेटेड कंपनीने आपल्या आराखड्याला ३२ क्रमांक दिला होता, म्हणून तिच्या भागांचे आकडे ३२ ने सुरू होतात. असा पत्रा सापडला, तर जात कळली. त्या जातीची विमानं १८ हजारांहून जास्त बनली, तेव्हा त्यांतलं नेमकं कुठलं हे मात्र कळलं नाही. जात सांगणारा आकडा आणि व्यक्ती सांगणारा आकडा यांची गल्लत हौशी शोधकांच्या लिखाणात पदोपदी दिसते.

गल्लत होण्याचं आणखी एक कारण खुद्द विमानांचं पुनर्जन्माचं वेड. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने जतन केलेलं एक लिबरेटर घ्या. फोर्डच्या मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यात ते बनलं तेव्हा ४४-५०२०६ होतं. ब्रिटिशांकडे येताच ते केएन ७५१ झालं आणि ९९ स्क्वाड्रनमध्ये गेलं. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या अशा विमानांचा ढीग कानपूरच्या चकेरी तळावर लागला. ती पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून ठेवलेली होती. ब्रिटिश कागदांत त्यांचा शेवट झाला. भारतीय हवाई दलाच्या पुस्तकात त्यांचा आरंभ त्याच ढिगात झाला. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी धड राहिलेल्या भागांची जुळवाजुळव केली. एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं करून कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे ती पुरती दुरुस्त झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली, नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाचं स्क्वाड्रन त्यांवर सुरू झालं, आणि ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून ती समुद्रावर टेहळणीला नेली. पन्नाशी-साठीच्या दशकांत पुण्यात वाढलेल्यांनी चार इंजिनांचा तो आवाज ऐकला आहे. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली.

केएन ७५१ आता एचई ८०७ होतं. भारताने १९७४ साली ते ब्रिटनला भेट दिलं. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं लिबरेटरही असंच ४४-४४१७५, मग केएच ३०४, मग भारताचं एचई ८७७. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एचई ९२४ उभं आहे. ब्रिटिश यादीत ‘खात्यातून कमी’ असा शेरा पाहून एखाद्याने विमान नष्ट झालं असं लिहिलं, तर ते पुढे कित्येक वर्षं भारतात उडत होतं हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. त्यात कानपूरच्या ढिगात एकाचा पंख आणि दुसऱ्याची शेपूट जुळवलेली. अशा विमानाच्या पंखावरचा आकडा धडाच्या आकड्याशी जुळला नाही, तर चूक वाचणाऱ्याची असेलच असं नाही.

छत्तीसगडातल्या शोधाची वेगळीच अडचण आहे, ती गावांच्या नावांची. लष्कराने तळांना जवळच्या रेल्वे स्थानकांची नावं दिली. कारगी रोड हे स्थानकाचं नाव, गाव कोटा. क्यूच्या फायलीत कोटा शोधणाऱ्याला काही मिळत नाही, आणि बिलासपूरकडच्या गावकऱ्याला कारगी रोडची हवाई पट्टी विचारली तर तो स्थानकाकडे बोट दाखवणार. शेजारच्या ओडिशात हेच झालं. मयूरभंज जिल्ह्यात रसगोविंदपूरला मोठा तळ होता, त्याचं कागदावरचं नाव अमर्दा रोड. २६ जुलै १९४५ ला तिथे सरावाच्या उड्डाणात ईडब्ल्यू २२५ आणि ईडब्ल्यू २४७ ही दोन लिबरेटर हवेत एकमेकांवर आदळली आणि १४ जण गेले. अशा प्रशिक्षण तळांवर निरनिराळ्या स्क्वाड्रनमधून विमानं येत. तेव्हा स्क्वाड्रनची वही आणि तळाची वही, दोन्ही चाळल्याशिवाय अपघाताचं चित्र पुरं होत नाही. रायपूर नावाची गावंही देशात कितीतरी आहेत. नोंदीत नुसतं ‘रायपूर’ असेल, तर ते आपलंच, असं गृहीत धरू नये.

मेलेल्यांच्या नावांसाठी मात्र महाराष्ट्रातच यावं लागतं. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, पुढे देखभालीची हमी नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी कबरी पुण्याच्या खडकी इथल्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र आणल्या गेल्या. तिथे या युद्धातल्या साडेसोळाशेहून अधिक कबरी आहेत. मध्य प्रांतात कोसळलेल्या विमानातल्या माणसाचा माग काढायला इथली नोंदवही हे पहिलं ठिकाण. दगडावर नाव, हुद्दा, सेवा क्रमांक आणि तारीख असते, विमानाचा क्रमांक नसतो. म्हणून तारीख घ्यायची, त्या तारखेला गेलेले इतर जण त्याच ओळीत आहेत का बघायचं, आणि मग ती नावं फॉर्म ५४१ च्या रकान्यात शोधायची. एकाच दिवशीच्या चार-पाच कबरी शेजारी शेजारी असल्या, तर बहुधा ते एका विमानाचे लोक. ज्यांचा देह मिळालाच नाही, त्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत. त्या भिंतींवर २४ हजारांहून जास्त नावं आहेत, आणि आग्नेय आशियाच्या आकाशात हरवलेले विमानकर्मी त्यांतच सापडतात.

आपल्याकडे जिल्ह्याचा इतिहास लिहिताना भोसल्यांचे सुभे येतात, मठ-मंदिरं येतात, स्वातंत्र्यलढा येतो. १९४५-४६ चे हे तळ एका ओळीत उरकले जातात किंवा तेवढेही येत नाहीत. मान्याच्या धावपट्टीच्या परिसरात पुढे पूर्व बंगालच्या निर्वासितांची छावणी झाली, रायपूरचा विमानतळ मान्यालाच आहे, पण तिथे हॅलिफॅक्स उतरत होती हे शाळेतल्या मुलाला कुणी सांगत नाही. क्यूच्या वह्या इंग्रजी अधिकाऱ्याने लिहिल्या. धावपट्टीसाठी खडी फोडणारा मजूर, दूध घालणारा राऊत, पडलेल्या विमानाकडे आधी धावलेला कोतवाल त्यांत नाही. ती माहिती अजून कुणाच्या घरी, कुणाच्या आजोबांच्या बोलण्यात असेल तर असेल.

तेव्हा तिल्दा, कोटा, बिलासपूर किंवा रायपूरच्या आसपास तुमच्या गोठ्यात, विहिरीच्या काठावर, देवळाच्या घंटेजवळ ॲल्युमिनियमचा जुना पत्रा असेल, तर त्याला रेती-लिंबाने घासू नका. कोरलेले आकडे उथळ असतात आणि एका घासण्यात जातात. शेजारी पट्टी ठेवून तिरक्या उन्हात फोटो काढा, चारी बाजूंनी. कुठून आणला, कुणी आणला, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून तारीख घालून लिहून ठेवा आणि गावाच्या नावाबरोबर जवळच्या रेल्वे स्थानकाचं नावही लिहा. बॉम्ब, गोळ्या किंवा हाडं दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि भंगारवाला दारात आला, तर त्याला पत्रा देण्याआधी त्याची उलटी बाजू एकदा बघा.